एकाच तारखेला घडलं खरं, पण ती तारीख ठरवली कोणी?

माझ्याकडे एक जाडजूड रजिस्टर आहे, ३६६ पानांचं. एका तारखेला एक पान, २९ फेब्रुवारीला पण एक (तिथे मोरारजी देसाई आणि रुक्मिणीदेवी अरुंडेल आहेत, १८९६ आणि १९०४ चा जन्म, दोघंही त्याच तारखेचे). काहीही वाचताना पक्की तारीख दिसली की मी ती त्या पानावर टाकते, आधी वर्ष आणि पुढे एका ओळीत काय झालं ते. बरीच वर्षं झाली हे करत, काही पानं इतकी भरलीत की आता समासात आडवं लिहावं लागतं आणि काही अजून जवळजवळ कोरी आहेत.

सुरुवातीला सगळी गंमत योगायोगाची होती, रोज सकाळी दिनविशेषाचे मेसेज येतात ना त्यात असते तशीच, म्हणजे बघा एकाच तारखेला हे पण झालं आणि ते पण झालं. मला वेड लावलं ते ४ जुलैच्या पानाने. अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याची तारीख ४ जुलै १७७६, आणि त्याला बरोब्बर ५० वर्षं झाली त्या दिवशी, ४ जुलै १८२६ ला, दुपारी थॉमस जेफरसन गेले आणि त्याच संध्याकाळी जॉन अ‍ॅडम्स गेले. एकाने तो जाहीरनामा लिहिला, दुसऱ्याने सभागृहात त्याची बाजू लढवली, दोघं आधी मित्र, मग राजकारणात कट्टर विरोधक, मग म्हातारपणी पत्रं लिहून लिहून परत मित्र झालेले, आणि दोघंही राष्ट्राध्यक्ष होऊन गेलेले. आणि एवढ्यावर थांबत नाही, पाच वर्षांनी १८३१ ला जेम्स मन्रो गेले ते पण ४ जुलैलाच. पहिल्या पाच राष्ट्राध्यक्षांपैकी तीन! त्याच पानावर खाली स्वामी विवेकानंद आहेत, ४ जुलै १९०२, बेलूर मठ, वय फक्त ३९. त्यांनीच १८९८ मध्ये काश्मीरमध्ये असताना आपल्या अमेरिकन शिष्यांसाठी ४ जुलैवर एक कविता लिहिली होती. हे सगळं एका पानावर एकाखाली एक लिहिलं तेव्हा अंगावर काटा आला होता, खरंच.

मग हळूहळू एक प्रश्न मागे लागला आणि तो अजून सुटलेला नाही. ही तारीख ठरवली कोणी?

कारण त्याच ४ जुलैचं बघा. स्वातंत्र्याच्या ठरावावर मतदान झालं २ जुलैला. म्हणजे ब्रिटनपासून वेगळं व्हायचं हे २ तारखेलाच पक्कं झालं होतं, आणि स्वतः अ‍ॅडम्सनी ३ जुलैला बायकोला पत्र लिहून सांगितलं होतं की २ जुलै हा दिवस पुढच्या पिढ्या मोठ्या उत्सवाने साजरा करतील. ४ तारखेला मंजूर झाला तो जाहीरनाम्याचा मजकूर, आणि त्यावर बहुतेकांच्या सह्या झाल्या त्या तर २ ऑगस्टला. पण छापलेल्या कागदावर ४ जुलै होतं म्हणून ४ जुलै राहिलं. म्हणजे ज्या अ‍ॅडम्सनी २ तारखेवर विश्वास ठेवला होता ते शेवटी ४ तारखेलाच गेले. आणि जेफरसनच्या शेवटच्या आजारपणात ते शुद्धीवर आले की चार तारीख उजाडली का असं विचारायचे. निदान त्यांना तरी ती तारीख गाठायची होती हे उघड आहे. मरणाची वेळ माणूस किती धरून ठेवू शकतो मला माहीत नाही, पण हे वाचल्यापासून त्या पानाकडे निव्वळ योगायोग म्हणून बघता येत नाही मला.

तेव्हापासून मी प्रत्येक नोंदीच्या बाजूला पेन्सिलने छोटं लिहायला लागले, 'कोणी?'. उत्तर सापडलं तर नाव लिहायचं, नाही सापडलं तर रिकामं ठेवायचं. आणि काय सांगू, अर्धं रजिस्टर त्याने बदलून गेलं.

१५ ऑगस्टचं पान घ्या. भारत १९४७, आणि दक्षिण कोरिया १९४८, दोघांचं १५ ऑगस्ट. मी कितीतरी वर्षं हे "अरे वा, सेम डेट" म्हणूनच लिहून ठेवलं होतं. पण दोन्हीच्या मागे एकच माणूस आणि एकच आवाज आहे, जपानचा सम्राट हिरोहितो. १५ ऑगस्ट १९४५ ला दुपारी त्याने रेडिओवरून शरणागती जाहीर केली आणि कोरियावरचं जपानचं राज्य संपल्यात जमा झालं, म्हणून कोरियात तो मुक्तीचा दिवस, आणि तीन वर्षांनी नव्या सरकारची स्थापना पण मुद्दाम त्याच दिवशी. आणि इकडे माउंटबॅटन, जो दुसऱ्या महायुद्धात आग्नेय आशियातल्या दोस्त फौजांचा सर्वोच्च सेनापती होता. ब्रिटिश सरकारने सत्ता सोडायची मुदत दिली होती जून १९४८. ४ जून १९४७ च्या पत्रकार परिषदेत माउंटबॅटनने १५ ऑगस्ट हा दिवस बोलून दाखवला, आणि पुढे त्याने स्वतःच सांगितलं की जपानच्या शरणागतीचा तो दुसरा वाढदिवस होता म्हणून तीच तारीख त्याच्या मनात आली. इतकी मोठी फाळणी, इतकी माणसं इकडची तिकडे, आणि तयारीला जेमतेम दहा आठवडे, कारण तारीख एका सेनापतीच्या आठवणीतून आली होती. मला हे वाचून राग आला होता, अजून येतो. तारीख म्हणजे नुसता कॅलेंडरवरचा चौकोन नसतो, ती लवकर धरली की उशिरा धरली याने माणसांची आयुष्यं इकडची तिकडे होतात.

आणि त्याच पानावर अरविंद घोष पण आहेत, जन्म १५ ऑगस्ट १८७२. स्वातंत्र्याच्या दिवशी त्यांना ७५ वर्षं पूर्ण झाली. त्यांनी त्या दिवसासाठी आकाशवाणीला जो संदेश दिला त्यात स्पष्ट म्हटलंय की हा योग मी अपघात समजत नाही, माझ्या कार्याला मिळालेली ईश्वरी मान्यता समजतो. एकाच तारखेला दोन उत्तरं आहेत बघा, एक म्हणतो मी निवडली आणि दुसरा म्हणतो देवाने निवडली. मी दोन्ही लिहून ठेवलीत, खोडलेलं काहीच नाही. तिथेच खाली १९७५ आहे, ढाक्यात शेख मुजीबुर रहमान यांची त्यांच्या घरात कुटुंबासकट हत्या झाली तो दिवस, आणि सगळ्यात वर १७६९, नेपोलियनचा जन्म. पाकिस्तानचा स्वातंत्र्यदिन आता १४ ऑगस्टच्या पानावर आहे, पण ब्रिटिश संसदेच्या कायद्यात दोन्ही देशांसाठी १५ ऑगस्टच लिहिलं होतं आणि पाकिस्तानच्या १९४८ च्या पहिल्या पोस्टाच्या तिकिटांवर पण १५ ऑगस्ट १९४७ च छापलंय. म्हणून ती नोंद मी दोन्ही पानांवर केलीये.

२६ जानेवारी सोपं आहे, तिथे 'कोणी?' ला लगेच उत्तर मिळतं. २६ जानेवारी १९३० ला काँग्रेसने देशभर पूर्ण स्वराज्याची शपथ घेतली, रविवार होता, आणि मग घटना २६ नोव्हेंबर १९४९ लाच स्वीकारली गेली असली तरी पूर्ण अंमलात आणायला दोन महिने थांबून तीच जुनी तारीख धरली. ऑस्ट्रेलियाचा २६ जानेवारी मात्र कॅप्टन आर्थर फिलिपचा आहे, १७८८ चा, सिडनीच्या खाडीत झेंडा रोवला तो, आणि त्याचा याच्याशी काहीच संबंध नाही. भूज २००१, सकाळी ८ वाजून ४६ मिनिटं, त्याचा तर कोणाशीच नाही. (त्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये पहिलं विमान टॉवरवर आदळलं ते पण तिथल्या ८ वाजून ४६ मिनिटांनी. हे लक्षात आलं तेव्हा मी वही मिटून ठेवली होती थोडा वेळ.)

पण सगळ्यात जड पान म्हणाल तर ९ नोव्हेंबर. जर्मनीत याला नियतीचा दिवस म्हणतात, आणि तिथे एकाच पानावर इतकं काही आहे की मी त्याला जोडपान लावलंय.

१८४८ पासून सुरू करू. रोबर्ट ब्लुम, लोकशाहीवादी नेता, संसदेचा सभासद, त्याला व्हिएन्नात ९ नोव्हेंबरला गोळ्या घातल्या. मग १९१८, पहिलं महायुद्ध हरत आलेलं, बर्लिनमध्ये कैसरने, म्हणजे जर्मन सम्राटाने, राजत्याग केल्याची घोषणा झाली आणि दुपारी शाइडमान नावाच्या पुढाऱ्याने संसदेच्या खिडकीतून प्रजासत्ताक जाहीर करून टाकलं, आणि दोनेक तासांनी कार्ल लीबक्नेख्तने राजवाड्यापाशी दुसरं, समाजवादी प्रजासत्ताक जाहीर केलं. एका दिवसात दोन प्रजासत्ताकं. ज्यांना हे अजिबात आवडलं नाही त्यांनी या लोकांना 'नोव्हेंबरचे गुन्हेगार' असं नाव पाडलं आणि तो राग धुमसत ठेवला. मग १९२३, पाचच वर्षांनी, म्युनिकमध्ये ८ तारखेच्या रात्री हिटलरने एका बिअर हॉलमधली सभा ताब्यात घेतली आणि ९ तारखेला सकाळी मोर्चा काढला, पोलिसांनी गोळीबार केला, त्याचे १६ लोक आणि ४ पोलीस मेले आणि उठाव फसला.

आता इथून पुढे तारीख स्वतःच काम करायला लागते, म्हणून मी हे पान इतकं परत परत वाचते. सत्ता आल्यावर हिटलर दरवर्षी ८ आणि ९ नोव्हेंबरला म्युनिकला जायचा, त्या मेलेल्या १६ जणांसाठी मोठा सोहळा व्हायचा, सगळे जुने नाझी एकत्र जमायचे. १९३८ ला पॅरिसमध्ये हेर्शेल ग्रिन्श्पान नावाच्या १७ वर्षांच्या ज्यू मुलाने फोम राट या जर्मन अधिकाऱ्यावर ७ तारखेला गोळ्या झाडल्या, आणि तो अधिकारी मेला ९ तारखेला. म्हणजे बातमी आली तेव्हा पक्षाचे सगळे मोठे लोक आयते एका छताखाली जेवायला बसलेले होते. गोबेल्सने तिथेच भाषण केलं, तिथूनच फोन गेले आणि रात्रभर सगळ्या देशात सिनेगॉग (ज्यूंची प्रार्थनास्थळं) जळाले, दुकानं फुटली, आणि त्यानंतर सुमारे ३० हजार ज्यू पुरुषांना पकडून छळछावण्यांत टाकलं. ज्यूद्वेष काही त्या रात्री जन्माला आला नव्हता, पण त्या तारखेने माणसं एकत्र आणून ठेवली होती हे खरं. १९२३ नसतं तर १९३८ याच रात्री, याच वेगाने झालं नसतं असं मला वाटतं.

आणि त्याच सोहळ्याचा उलटा उपयोग एका सुताराने केला. गेओर्ग एल्सर. त्याला माहीत होतं की हा माणूस दरवर्षी ८ नोव्हेंबरला त्याच हॉलमध्ये त्याच जागी उभा राहून बोलतो. म्हणून त्याने एकट्याने ३० हून जास्त रात्री त्या हॉलमध्ये लपून राहून व्यासपीठामागचा खांब आतून पोखरला आणि घड्याळ लावून बॉम्ब बसवला. १९३९ ला नेमकं धुक्यामुळे विमानाऐवजी रेल्वेने परत जायचं ठरलं, हिटलर लवकर बोलून निघाला, आणि १३ मिनिटांनी बॉम्ब फुटला. आठ माणसं गेली, तो वाचला. एल्सरला युद्ध संपायला महिना राहिला असताना डाखाऊत मारलं, ९ एप्रिल १९४५ ला. ते पान उघडलं तर तिथे आधीच डीट्रिख बॉनहोफर होता, नाझींना विरोध करणारा पाद्री, त्याच दिवशी फ्लॉसेनबुर्गच्या छावणीत फाशी दिलेला. हा मात्र योगायोग नाही. हरायची वेळ आली तेव्हा जिवंत ठेवलेले विरोधक संपवून टाकायचे आदेश निघाले होते त्यातलेच हे दोघं.

मग १९८९. ९ नोव्हेंबरला संध्याकाळी पूर्व बर्लिनमध्ये पत्रकार परिषद होती आणि ग्युंटर शाबोव्स्की नावाच्या पुढाऱ्याच्या हातात एक कागद होता, परदेशी जायच्या नवीन नियमांचा. ते नियम दुसऱ्या दिवशी पहाटे जाहीर करायचे होते, पण हे त्याला कोणी नीट सांगितलेलं नव्हतं. पत्रकाराने विचारलं हे कधीपासून लागू, आणि तो कागद उलटसुलट करत म्हणाला, माझ्या माहितीप्रमाणे लगेच, ताबडतोब. झालं. टीव्हीवर बातमी गेली, लोक हजारोंनी पूर्व आणि पश्चिम बर्लिनमधल्या भिंतीच्या नाक्यांवर जमले, आणि बोर्नहोल्मर रस्त्यावरच्या नाक्याचा अधिकारी हाराल्ड येगर, ज्याला वरून धड कोणी काही सांगतच नव्हतं, त्याने रात्री साडेअकराच्या सुमाराला फाटक उघडलं. कोणाच्याच मनात ही तारीख नव्हती. कागदावरच्या वेळेप्रमाणे झालं असतं तर ही नोंद १० नोव्हेंबरच्या पानावर गेली असती, आणि बहुतेक नुसती अर्जांची रांग लागली असती, रात्री भिंतीवर चढून नाचणारी माणसं नसती दिसली.

म्हणून पुढे एकीकरण झाल्यावर राष्ट्रीय दिवस कोणता असा प्रश्न आला तेव्हा ९ नोव्हेंबर घेता आला नाही. सगळ्यात आनंदाची रात्र तीच होती, पण १९३८ पण तीच. त्यांनी ३ ऑक्टोबर घेतला, १९९० ला एकीकरण कायद्याने झालं तो दिवस. मला हा निर्णय फार मोठ्या मनाचा वाटतो. (याच पानावर एका कोपऱ्यात महर्षी कर्वे आहेत, ९ नोव्हेंबर १९६२, वय १०४. त्या सगळ्या काळ्या नोंदींच्या शेजारी त्यांचं नाव बघून दर वेळी बरं वाटतं.)

आता दुसरा एक प्रकार, जिथे तारीख ना माणसाने ठरवली ना नशिबाने, ती कॅलेंडरमुळे जुळल्यासारखी दिसते. यात मी स्वतः कितीतरी वेळा फसलेय म्हणून जरा सविस्तर लिहिते.

गॅलिलिओ गेला त्याच वर्षी न्यूटन जन्मला, १६४२, हे सगळ्यांनी ऐकलेलं असतं. गॅलिलिओ गेला ८ जानेवारी १६४२ ला. न्यूटनचा जन्म इंग्लंडमध्ये २५ डिसेंबर १६४२ चा. पण इटलीत तेव्हा नवीन ग्रेगोरियन कॅलेंडर होतं आणि इंग्लंडमध्ये जुनं ज्युलियन, दोघांत दहा दिवसांचा फरक. इटलीच्या कॅलेंडरने मोजलं तर न्यूटन जन्मला ४ जानेवारी १६४३ ला. वर्ष पण गेलं आणि नाताळ पण गेला. तसंच शेक्सपिअर आणि सर्व्हान्तेस, दोघं २३ एप्रिल १६१६ ला गेले असं म्हणतात आणि युनेस्कोने १९९५ पासून तो जागतिक पुस्तक दिन पण केलाय. पण सर्व्हान्तेस गेला २२ ला आणि २३ ला त्याला पुरलं, तेही नवीन कॅलेंडरने, आणि शेक्सपिअरची २३ तारीख जुन्या कॅलेंडरची, म्हणजे नवीन हिशोबाने ३ मे. दोघांच्या मरणात दहा-अकरा दिवसांचं अंतर आहे. रशियाची ऑक्टोबर क्रांती नोव्हेंबरच्या पानावर का, तर तेच, तिथली २५ ऑक्टोबर १९१७ म्हणजे बाकी जगाची ७ नोव्हेंबर.

आणि आपल्याकडचं म्हणाल तर ६ जूनचं पान. १६७४ ला रायगडावर राज्याभिषेक आणि १९४४ ला नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर दोस्त फौजा उतरल्या तो दिवस, दोन्ही ६ जून. मी हे मोठ्या अभिमानाने एकाखाली एक लिहिलं होतं. पण राज्याभिषेकाची मूळ नोंद आहे ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी शके १५९६, आणि तिची इंग्रजी तारीख ६ जून येते ती जुन्या कॅलेंडरने, जे तेव्हा मुंबईचे इंग्रज वापरायचे. त्यांचा वकील हेन्री ऑक्झेंडन त्या वेळी रायगडावर हजर होता, त्याच्या कागदात जुनी तारीख. त्याच दिवशी कोणा पोर्तुगीजाने पत्र लिहिलं असतं तर त्यावर १६ जून पडली असती, कारण पोर्तुगालने कॅलेंडर १५८२ लाच बदललं होतं. म्हणजे दिवस तोच, तारखा दोन आणि तिथी तिसरीच. १९ फेब्रुवारी १६३० चं पण असंच, नवीन हिशोबाने ती १ मार्च येते. यावरून तिथीची जयंती की तारखेची असे वाद बघते तेव्हा मला वाटतं की दोन्ही बाजूंच्या लोकांनी एकदा हा दहा दिवसांचा हिशोब शांतपणे मांडून बघावा, प्रेम दोन्हीकडे सारखंच आहे.

पानिपतचं तर अजून एक. १४ जानेवारी १७६१, म्हणून सगळे म्हणतात ऐन संक्रांतीच्या दिवशी लढाई झाली. ही तारीख नवीन कॅलेंडरचीच आहे, त्यात गडबड नाही. गडबड संक्रांतीत आहे. संक्रांत १४ जानेवारीला चिकटलेली नाही, ती साधारण ७० वर्षांत एक दिवस पुढे सरकते. याचा सोपा पुरावा विवेकानंद, त्यांचा जन्म १२ जानेवारी १८६३ चा आणि तो दिवस मकर संक्रांतीचा होता. १८६३ ला १२ तारखेला संक्रांत असेल तर त्याच्या शंभर वर्षं आधी ती अजून अलीकडे, म्हणजे १० जानेवारीच्या आसपास. पानिपतच्या दिवशी बुधवार होता, पौष शुद्ध अष्टमी, आणि संक्रांत होऊन चार-एक दिवस गेले होते. 'संक्रांत कोसळली' हा शब्दप्रयोग मनात इतका पक्का बसलाय की हे सांगितलं की लोकांना पटतच नाही. मलाही पटायला वेळ लागला, मी तीनदा हिशोब केला.

११ सप्टेंबरला 'कोणी?' चा रकाना जवळजवळ रिकामा आहे, आणि तरी ते पान मला सोडवत नाही. १८९३, शिकागो, सर्वधर्म परिषदेचा पहिला दिवस, विवेकानंदांचं पहिलं भाषण, ज्याच्या शेवटी ते म्हणतात की आज सकाळी वाजलेली घंटा ही सगळ्या धर्मांधतेची मृत्युघंटा ठरावी. १८९५, विनोबांचा जन्म. १९०६, जोहान्सबर्गमधलं एम्पायर थिएटर, सुमारे तीन हजार हिंदी लोक, नव्या नोंदणी कायद्यापुढे मान तुकवायची नाही म्हणून हाजी हबीब यांनी ईश्वराला साक्षी ठेवून शपथ घ्यायला सांगितली आणि गांधीजींनी उभं राहून अशा शपथेचा अर्थ काय होतो ते समजावलं. सत्याग्रह हा शब्द अजून बनायचा होता, पण वस्तू त्या दिवशी जन्मली. १९४८, जिनांचा मृत्यू. १९७३, चिलीमध्ये लष्कराने निवडून आलेल्या सरकारवर उठाव केला, राष्ट्राध्यक्षांच्या वाड्यावर विमानांनी बॉम्ब टाकले, साल्वादोर आयेंदे आतच मेले. आणि २००१. चिलीत आजही नुसतं 'अकरा तारीख' म्हटलं की लोकांना १९७३ आठवतं, बाकी जगाला २००१. या नोंदींना कुठलाही धागा जोडत नाही, मी खूप शोधला. पण धर्मांधतेच्या मृत्युघंटेची ओळ आणि २००१ ची ओळ एकाच पानावर आहेत आणि ते पान वाचताना मध्ये थांबावंच लागतं.

आणि खरं सांगायचं तर असे निव्वळ योगायोग नसते तरच नवल. २३ माणसं एका खोलीत असली तर त्यातल्या दोघांचा वाढदिवस एकाच तारखेला असण्याची शक्यता निम्म्याहून जास्त असते, मग इतिहासातल्या हजारो घटना ३६६ पानांवर टाकल्या तर एकावर एक पडणारच. स्टीफन हॉकिंगचा जन्म ८ जानेवारी १९४२ चा, गॅलिलिओच्या मृत्यूनंतर बरोब्बर ३०० वर्षांनी, आणि तो गेला १४ मार्च २०१८ ला, आइनस्टाइनच्या वाढदिवशी. लोक यावर फार बोलतात. पण त्याने स्वतःच लिहून ठेवलंय की त्या दिवशी माझ्या अंदाजाने आणखी दोनेक लाख मुलं जन्मली असतील. तसंच १२ फेब्रुवारी १८०९, लिंकन आणि डार्विन एकाच दिवशी जन्मले, एक केंटकीतल्या लाकडी खोपटात आणि एक इंग्लंडमधल्या श्रीमंत डॉक्टरच्या घरी.

शेवटी २३ मार्चबद्दल लिहायचंय, कारण खरंतर त्या पानामुळेच आज हे लिहायला बसले.

१९३१, लाहोर सेंट्रल जेल, भगतसिंग, राजगुरू, सुखदेव. फाशी ठरलेली होती २४ मार्चच्या सकाळची. ती आदल्या संध्याकाळी, साडेसातच्या सुमाराला उरकली, लोक जमायच्या आत, आणि प्रेतं पण गुपचूप बाहेर काढून सतलजच्या काठी नेऊन जाळली. म्हणजे ही तारीख भीतीने ठरवली. सरकारच्या भीतीने. नऊ वर्षांनी त्याच लाहोरमध्ये मुस्लीम लीगचं अधिवेशन, २३ मार्च १९४० ला फजलुल हक यांनी मुस्लिमांसाठी वेगळ्या राज्यांची मागणी करणारा तो प्रसिद्ध ठराव मांडला, मंजूर झाला २४ तारखेला. पुढे १९५६ ला पाकिस्तानची पहिली घटना मुद्दाम २३ मार्चला लागू केली आणि तारीख तिथे पक्की झाली. एकच शहर, एकच तारीख, आणि दोन्ही घटना २३ आणि २४ च्या मध्ये हेलकावे खाऊन २३ वर स्थिरावलेल्या. आता सीमेच्या अलीकडे तो शहीद दिन आणि पलीकडे पाकिस्तान दिन.

आणि राम मनोहर लोहियांचा जन्म २३ मार्च १९१० चा. फाशी झाली तेव्हा ते २१ वर्षांचे झाले, त्याच दिवशी. त्यानंतर ते आपला वाढदिवस साजरा करत नसत आणि कोणी करायला निघालं तर म्हणत की आज भगतसिंगांचा दिवस आहे. माझ्या रजिस्टरमध्ये प्रत्येक पानावर नोंदी वर्षाच्या क्रमाने असतात, म्हणजे १९१० वर यायला हवं होतं. हे एकच पान आहे जिथे मी क्रम मोडलाय. लोहियांचा जन्म मी सगळ्यात खाली लिहिलाय, बारीक अक्षरात, आणि बाजूच्या 'कोणी?' पुढे त्यांचंच नाव.